आठव्या किल्ल्याचा पूल

आमच्या बाबांची नक्कल करायची तर आधी डावा खांदा कानाला लावावा लागतो. मग जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, आणि आवाज घशाच्या तळातून: "सरक की... अरे सरक म्हणतोय ना... मेला!" वर्गात मी हे केलं की बाकं वाजतात. बालिकची गावात बाबांच्या, म्हणजे सागिनबेकच्या, पंक्चरच्या दुकानात आलेल्या प्रत्येकानं हे पडद्यामागून कधी ना कधी ऐकलेलं आहे. पडद्याअलीकडे टायर, पलीकडे आमचं घर.

बाबांचा टीव्हीवरचा खेळ एकच. पिवळी कॅसेट, वरचं चित्र कधीच सोललेलं. लोखंडी टोप घातलेला एक बुटका आठ किल्ले ओलांडत जातो. शेवटच्या किल्ल्यात पूल आहे आणि पुलावर झोके घेणारे लोखंडी गोळे. शाळेत असताना बाबा एकदा त्या पुलापर्यंत पोचले होते. तेवढ्यात पाहुणे आले आणि आजोबांनी भिंतीतली पिन ओढली. पाहुण्यांसमोर कोण बोलणार? तेव्हापासून पुलापलीकडे काय आहे हा प्रश्न बाबांच्या डोक्यात बसलाय. आईच्या मते त्या डोक्यात दुसरं काही नाहीच.

या खेळात आपण कुठवर आलो ते राखून ठेवायची सोय नाही. वीज गेली की पुन्हा पहिला किल्ला. आमच्या गावात वारा सुटला की वीज जाते, आणि वारा पडला तर आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. यावरून हिशेब करा.

बेगिमायताई म्हणजे माझ्या आत्याची मुलगी. तिनं गेल्या वर्षी बिश्केकहून बाबांना एक नवं काळं यंत्र आणून दिलं होतं. तेही त्यांनी खेळून पाहिलं. पहिला अर्धा तास ते स्वतःच काहीतरी उतरवून घेत बसलं. मग एका बाईनं चालायला शिकवलं. "चाळीस वर्षं चालतोय मी," बाबा तिला म्हणाले. मग डोंगर आले, गवत आलं, गवतातून वारा आला. "वारा!" बाबा ओरडले. "वारा दाखवतोय मला! खिडकी उघड म्हणावं!" पण खरा राग आला तो दरीत पडल्यावर. यंत्रानं त्यांना उचलून परत काठावर ठेवलं. पुन्हा पडले, पुन्हा ठेवलं. बाबांनी ते खोक्यात भरलं. "मग पडायचं कशाला? माझ्या आईनंसुद्धा मला इतकं उचललं नव्हतं."

जुन्याबद्दलही ते काही गोड बोलत नाहीत. "हा चोर आहे. मी उडी मारली होती, तू बघितलंस ना?" मी बघितलेलं असतं. मारलेली नसते.

यंदा शरदात वारा कधी नव्हे तो गप्प बसला, आणि बाबा पुलापाशी पोचले. बुटक्याचा शेवटचा जीव उरला होता. नेमका बाहेर एक ट्रकवाला दोन पंक्चर टायर घेऊन आला. बाबांनी खेळ थांबवला, टायर केले, आत आले आणि पडद्यावरच्या पुलाकडे बघत म्हणाले, "आज नको. उद्या."

टीव्ही बंद केला, पण यंत्राचा लाल दिवा चालूच. आई त्याच्याभोवतीनं पाळण्यात बाळ असावं तसा हळूच झाडू फिरवत होती. बाबा घडीघडी अंगणात जाऊन झाडांचे शेंडे बघून येत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आणि बेगिमायताई आल्या. बेशबारमाकचं, म्हणजे मटण-शेवयांचं, ताट मधे आलं, सगळ्यांचे हात ताटात गेले, आणि ताईला लाल दिवा दिसला.

"मामाऽऽ! कसलं गोडेय हे!" ताई प्रत्येक वाक्य च्युइंगगमसारखं ताणते. "आमच्या कॉफीच्या दुकानात ना, अशा जुन्या वस्तू मांडायच्यात. मला द्या नाऽऽ."

सगळे हात ताटातच थबकले.

"तिसरं मागणं हं हे हिचं," आत्या म्हणाली. "पहिल्यांदा शिंगरू दिलंस, मग गालिचा. भाचीच्या तीन मागण्यांना मामा नाही म्हणत नसतो."

"मी कुठं नाही म्हणालो, आपा?"

"तोंडानं नाही म्हणालास. आरशात बघ जरा."

"द्या, द्या," आई म्हणाली. "मी पिशवी आणते."

"देतो ना. देतोय." बाबांनी घास गिळला. "फक्त आत्ता बंद करू नका. एक पूल राहिलाय."

"शेवट बघायचाय ना, मामा? फोनवर आहे की. दाखवू?"

"खबरदार!"

भाचीवर असं कोणी ओरडत नाही. आत्याला ठसका लागला. ताईलाच हसू आलं. "बरं, खेळा. चहा होईपर्यंत."

बाबांनी हात धुतले. मेंढीची चरबी कोमट पाण्यानं जाते थोडीच? मग ते शर्टाला, मग आईच्या पडद्याला पुसले. खांदा कानाला लागला. जीभ बाहेर आली. पहिला गोळा गेला. दुसरा गेला. बुटका पुलाच्या मध्यावर, आणि मी पहिल्यांदाच नक्कल करायला विसरले.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"चला, तो पोरगा निघून जाईल," म्हणत आत्यानं जेवणाच्या दस्तरखानापुढे तळहात पसरले. बाता, म्हणजे जेवणानंतरचा आशीर्वाद, दिल्याशिवाय उठायचं कसं? आणि आत्याची बाता म्हणजे मालगाडी. "या घरात सुख नांदो, दुकानात गिऱ्हाईक येवो, रस्त्यात खिळे पडोत, या पोरीच्या जिभेला आवर बसो..." बाबा शेवटच्या गोळ्याखाली. "सरक की... सरक की बाबा..." गोळा सरकला. पुढे दार दिसत होतं. खरंच दिसत होतं, मी पाहिलं.

"ओमीन!" आत्या म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी रीतीप्रमाणे दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. बाबांनीसुद्धा.

हात खाली आले तेव्हा बुटका पाण्यात होता आणि पडद्यावर पहिला किल्ला.

"आपा," बाबा एवढंच म्हणाले.

"काय झालं? बाता पोचली ना?"

"पोचली."

ताईचा चेहरा पडला. "मामा, राहू द्या हे इथंच. मी दुसरं काहीतरी मागते."

"मागितलेलं परत ठेवत नाहीत," आत्यानं बजावलं. "मामाला अपशकुन करतेस?"

बाबांनी स्वतः पिन काढली, वायर गुंडाळली, कॅसेट फुंकून पिशवीत ठेवली. दारात ताईला म्हणाले, "गिऱ्हाईकांतलं कोणी पुलापलीकडे गेलं तर..."

"कळवते, मामा."

"नको कळवूस!"

टॅक्सी वळली. तिच्या धुळीबरोबर वारा सुटला, आणि घरातली वीज गेली. बाबा दारात उभे राहून हसले, पण ते हसणं मला अजून जमलेलं नाही.

परवा आईनं काळं यंत्र खोक्यातून काढून ठेवलं. बाबांनी तिकडे बघितलंही नाही. मात्र आता जेवण झाल्यावर बाता म्हणतात तेव्हा ते एकच हात चेहऱ्यावर फिरवतात. दुसरा मांडीवरच असतो, आणि त्याचा अंगठा हलत असतो.