खणखणीत चौकोन

आमच्या कॉलनीतल्या जुन्या काँक्रीटच्या रस्त्याची डागडुजी ठरवायला काल सकाळी पालिकेचे इंजिनिअर हातोडी घेऊन आले. प्रत्येक चौकोनावर एक ठोका मारायचा आणि कान द्यायचा. आवाज बद्द आला की खालची माती खचलेली. मग त्यावर लाल फुली, म्हणजे तो फोडायचा. मी फाटकाशी उभी राहून ऐकत होते. वरून सगळेच चौकोन धड दिसत होते. आमच्या गल्लीतल्या माणसांनाही असा एकेक ठोका मारून बघावा, असं मला उगाच वाटून गेलं.

समोरचे नाना पायरीवर बसले होते. गेल्या वर्षी त्यांच्या दारापुढच्या खचलेल्या चौकोनाला अडखळून नानी पडल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. त्या चौकोनावर फुली पडली. इंजिनिअर पुढे निघाले, तसे नाना उठले, त्यांच्या हातातली हातोडी हिसकावली आणि शेजारच्या चौकोनावर घाव घालत सुटले. ठिणग्या उडाल्या, कपचे उडाले, एक कपचा त्यांच्या कपाळावर बसून रक्त आलं. कधी आवाज न चढवणारा हा माणूस दातओठ खात मारत होता.

"अहो काका, तो चांगला आहे! खणखणीत वाजतोय!" इंजिनिअर ओरडले.

"चांगलाच आहे," नाना धापा टाकत म्हणाले. "तिचं डोकं ह्याच्यावरच फुटलं."

इंजिनिअर वाकले आणि त्या खणखणीत चौकोनावर त्यांनी लाल फुली मारली.