चुलतसासऱ्यांची स्वीडिश शाळा

स्वीडनमधल्या एका कलाशाळेबद्दल तिथल्या मास्तरांनाही माहीत नसेल इतकं माझ्या चुलतसासऱ्यांना माहीत आहे, आणि गंमत म्हणजे तिथे त्यांनी आयुष्यात एकदाच, तेही दोन तासांसाठी, पाऊल टाकलंय. काका सर्जन. इथे लंडनच्या हॉस्पिटलांत चाळीस वर्षं लोकांची पोटं उघडली आणि शिवली. आता रिटायर होऊन पिनरला एकटेच राहतात. खूप वर्षांपूर्वी स्टॉकहोमच्या एका कॉन्फरन्समधून, आतड्यांवरच्या भाषणाला कंटाळून, हे पळाले आणि या शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात शिरले. तिथे एक मुलगी तीन आठवडे मागावर विणलेलं कापड शांतपणे उसवत बसली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, जमलं नाही, पुन्हा करते. "आमच्या धंद्यात असं म्हणायची सोय नाही गं," हे काकांनी मला तेव्हापासून शंभरदा तरी ऐकवलं असेल.

ईलिंगला आमच्याकडे गणपतीत जेवायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या तावडीत सापडतो. ही शाळा आधी कारागिरांसाठी रविवारी भरणारा चित्रकलेचा वर्ग होती, सुट्टीच्या दिवशी कामकरी माणसं येऊन रेघा मारायला शिकायची, पुढे बायकांना प्रवेश मिळाला, मग ड्रॉइंगचे मास्तरही तिथेच तयार व्हायला लागले, हा इतिहास वरणभात पानात पडेपर्यंत सांगून होतो. मोदकांबरोबर अभ्यासक्रम येतात : सिरॅमिक्स आणि काच, टेक्स्टाइल, धातुकाम, इंटीरियर, इंडस्ट्रियल डिझाइन. मागे एका बाईंनी मुलीला केंब्रिजला मेडिसिनला अ‍ॅडमिशन मिळाली म्हणून पेढे आणले. काका पेढा तोंडात टाकून कळवळून म्हणाले, "अरेरे! काचकामाला नाही का मिळाली?" त्या बाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

आणि गेल्या हिवाळ्यात, बहात्तराव्या वर्षी, या गृहस्थांनी स्वतःच तिथे टेक्स्टाइलच्या मास्टर्सला अर्ज केला! मी म्हटलं, "काका, हे काय नवीन?" तर म्हणाले, "मला अठराव्या वर्षीच ड्रॉइंगला जायचं होतं. पण वडिलांनी मेडिकलचा फॉर्म भरला. आता उजवा हात कप धरताना थोडा थरथरतो. थांबून कसं चालेल?"

शाळेने पोर्टफोलिओ मागितला होता. काकांनी काय पाठवावं? शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या मार्कशीट, डिग्र्या आणि वर्तणुकीचं सर्टिफिकेट! शिवाय प्रत्येक कागदावर एका रिटायर्ड डॉक्टर मित्राकडून 'ट्रू कॉपी' लिहून, सही-शिक्का घेऊन. इतकी वर्षं इंग्लंडात काढली, पण अर्ज म्हटलं की आपला माणूस आधी अटेस्टेशनला धावतो. शाळेचं अदबशीर उत्तर आलं : कागद मिळाले, यात तुमचं काम कुठे दिसलं नाही, दहा दिवसांत फोटो पाठवा.

लगेच काकांचा फोन. "अगं, काम कुठून आणू? टाका चांगला पडला तर वर्षभराने दिसतसुद्धा नाही. माझं सगळं काम लोकांच्या कातडीत बुजून गेलं." हसत म्हणाले, पण आवाज पार उतरला होता.

शनिवारी खिचडीचा डबा घेऊन गेले. खुर्चीत बसले आणि हाताला काहीतरी खरखरीत लागलं. बघते तर खुर्चीच्या हाताखाली टाक्यांच्या काळ्या-निळ्या दोऱ्याच्या गाठी, एकीला एक लागून, ओळीच्या ओळी. ड्रॉवरच्या मुठींना गाठी, जिन्याच्या कठड्याला गाठी. सर्जन लोक हात चालता राहावा म्हणून अशा गाठी मारत बसतात. काका रिटायर झाल्यावरही क्रिकेट बघता बघता मारतच राहिले होते. पंधरा वर्षं मी त्या घरात जातेय, आणि कधी धड बघितलं नव्हतं!

"काका, हे पाठवा."

"छे गं, ही सवय आहे. कला नाही."

"अहो, तुम्ही गप्प बसा आणि आधी पडदे उघडा!" सासरच्या वडीलधाऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते. पण काका मुकाट्याने उठले. मी साठेक फोटो काढले. शेवटी त्यांनीच ड्रॉवरची एक मूठ दाखवली. "ही तुझी काकू गेली त्या आठवड्यातली. सगळ्या गाठी सैल पडल्यात. ही नको." मी तिचाही फोटो काढला, आणि तो त्यांनी पाठवलाही.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. नकार. काकांनी मला फोनवर सगळं पत्र वाचून दाखवलं. मी समजूत घालायला तोंड उघडलं, तर मलाच थांबवून म्हणाले, "अगं, ते सोड. त्यांनी 'तुमचं काम' असं लिहिलंय. दोनदा. सैल गाठींचा फोटो त्यांना सगळ्यात आवडला म्हणे." मग हळूच, "मी दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय."

"वा, काका!" मी म्हटलं. "शनिवारी खिचडी घेऊन येते. त्या रेघा मला दाखवा."