खंडेनवमीचं विमान

आमच्या घरात मारायची पद्धत होती. वडील गणिताचे मास्तर. सदाशिव पेठेत दोन खोल्या, आणि उत्तर चुकलं की आधी कानाखाली, मग स्पष्टीकरण. मोठा झाल्यावर मला वारशात दोन्ही मिळालं, गणितही आणि हातही. गणिताच्या जोरावर मी कंपनी काढली. हाताने काय केलं, ते सांगायला इतकी वर्षं लागली.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेतल्या बँकांच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करून द्यायचं काम पुण्यात बदाबदा पडत होतं. त्या पैशातून माझ्या मित्रांनी फ्लॅट घेतले, मी विमान घेतलं. दोन माणसांचं, कापडी पंखांचं, शेपटाला धरून दोघांनी ढकललं तर सरकणारं. वडिलांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "रिक्षा मिळत नव्हत्या का?"

विमान ठेवायला मांजरी गावाच्या पुढे जागा मिळाली. एका बागायतदाराने उसाच्या दोन फडांमध्ये मुरुमाची पट्टी राखली होती, तिच्या टोकाला पत्र्याची शेड. लोकांना वाटतं, स्वतःचं विमान म्हणजे निळं आकाश आणि गार वारा. माझ्या आठवणीत तो सगळा मारामारीचा काळ आहे. इंजिन सुरू होईना की मी त्याला शिव्या घालायचो, पाने फेकायचो, लाथ मारून स्वतःचा अंगठा सुजवून घ्यायचो. स्क्रू सोडवताना दोनदा नख मुळापासून उपटलं. एकदा उतरताना कुत्रं आडवं आलं. पुढच्या पंख्याने त्याचं काय केलं ते लिहवत नाही. काच पुसायला मला अंगातला शर्ट काढावा लागला होता.

हे सगळं शांतपणे बघणारा आणि माझ्यामागून निस्तरणारा एकच माणूस होता, माझे मेकॅनिक. हवाई दलात विमानं दुरुस्त करून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीकडचे, आता मांजरीत भाड्याच्या घरात राहणारे. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला साहेब. आसपासच्या जिल्ह्यांत अशी छोटी विमानं बाळगणारे आणखी दोन हौशी होते, त्यांचंही काम काकाच बघायचे. त्यांची मिळकत म्हणजे त्यांचा शब्द होता. ते 'जा' म्हणाले की आम्ही डोळे मिटून जायचो.

त्यांचा एक नेम होता. विमानाच्या पंखाखाली एक नळी पुढे आलेली असते, करंगळी जाईल न जाईल एवढी. समोरची हवा तिच्यात शिरते आणि त्या जोरावर वैमानिकाच्या पुढ्यातला काटा वेग दाखवतो. नळीत गांधीलमाशा घर करतात, म्हणून एरवी तिच्यावर टोपी असते, टोपीला लाल पट्टी. उड्डाणाआधी काका ती टोपी काढत, पट्टी स्वतःच्या मनगटाला बांधत आणि हात वर करून मला दाखवत. मनगटावर लाल दिसलं की समजायचं, नळी मोकळी आहे. विमान परत येईपर्यंत ती पट्टी ते सोडत नसत. जेवतानासुद्धा.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला मी विमानाची पूजा ठेवली. त्या दिवशी पुण्यात सगळ्याच हत्यारांची पूजा होते. आमच्या कंपनीत सकाळी मॉनिटरना झेंडूच्या माळा घालून, कीबोर्डवर हळदकुंकू सांडून झालं होतं. तिथून सगळी पोरंपोरी एका बसने मांजरीला आणली. बागायतदार आणि त्यांची माणसं होती. वडील सोवळ्याचं ताम्हन घेऊन होते. पूजेला मशीन उघडं पाहिजे, तोंड झाकलेल्या देवाला कोणी हळद लावतं का, असं वडील म्हणाले. म्हणून काकांनी टोपी आधीच काढून पट्टी मनगटाला बांधली.

पुढल्या पंख्याला माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. अगरबत्ती पेटवली, तेव्हा लक्षात आलं की केळं नाही. आमच्या घरी अगरबत्ती अर्ध्या केळ्यात खोचतात, दुसरं काही चालत नाही. केळी मी आणली होती, पण कंपनीच्या पोरांनी ती प्रसाद समजून बसमध्येच फस्त केली.

"केळं नाही आणलंस?" वडिलांनी साठ माणसांसमोर विचारलं.

"आणली होती, संपली."

"मग अगरबत्ती काय तुझ्या नाकात खोचू?"

पोरं हसली. मी त्यांचा साहेब होतो. कानशिलं तापली, आणि माझी कानशिलं तापली की पुढचं मला फारसं दिसत नाही. अगरबत्ती वडिलांच्या हातातून ओढून घेतली आणि समोर जे भोक दिसलं त्यात खोचली. काडी डगमगत होती, म्हणून झेंडूच्या पाकळ्या चुरगाळून भोवती ठासल्या. वडील "बरं" म्हणाले, मी आरती सुरू केली आणि ती गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली. काका तेव्हा मागे शेपटाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तासाभराने उड्डाण. अगरबत्ती जळून राख उडून गेली होती, उरलेली काडी कोणाच्या तरी धक्क्याने तोंडाशीच मोडली असावी. काकांनी माळा उतरवल्या, लिंबू उचललं, नारळाच्या करवंट्या वेचल्या, आणि हात वर करून मनगट दाखवलं. लाल पट्टी. मी इंजिन वाढवलं.

मुरुमावर धावताना वेगाचा काटा हलला नाही. अशा वेळी थांबायचं असतं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण कडेला साठ माणसं हात हलवत होती आणि वडील बघत होते. मी काट्याच्या काचेवर बुक्की मारली. काटा हलला नाही. दुसरी मारली, काचेला तडा गेला. तोवर चाकं सुटली होती.

वर एक घिरटी घातली. वेग कळत नसेल तर विमान उतरवता येतं, अंदाज असलेल्या माणसाला येतं. मला अंदाज नव्हता, राग होता. उतरताना मी फार हळू आलो. एका क्षणी हातातला दांडा लोण्यासारखा मऊ पडला, डावा पंख खाली गेला आणि ऊस अंगावर आला.

आवाज आठवतो. शेकडो ऊस एकदम मोडल्याचा. पंखाचं कापड फाटलं, एक ऊस काच फोडून माझ्या कानाजवळून मागच्या सीटमध्ये घुसला. तोंडात रक्त आलं, मांडीवर पेट्रोल गळायला लागलं. पाचटावर पेट्रोल, आणि इंजिन लाल तापलेलं. सीटचा पट्टा निघत नव्हता. मी ओरडत होतो.

पहिले काका पोहोचले. त्यांनी खिशातल्या चाकूने पट्टा कापला, काखेत हात घालून मला ओढलं आणि फरफटत वीस-पंचवीस पावलं लांब नेलं. त्यांचा हात पत्र्याने कापला होता. "हाडं पाह्यू द्या, साहेब," असं म्हणत ते माझा पाय चाचपायला वाकले.

मी त्यांना म्हटलं, "टोपी काढली नाहीस तू."

आमच्या पुण्यात वयाने मोठ्या माणसाला 'तू' म्हणणं म्हणजे अर्धा मार असतो. उरलेला अर्धा मी उसाच्या कांडक्याने दिला. हाताशी मोडलेला ऊस होता, तो उचलला आणि वाकलेल्या माणसाच्या तोंडावर घातला. मग खांद्यावर, मग पाठीवर. त्यांनी फक्त हात आडवा धरला. त्या हाताला लाल पट्टी होती, माझ्या नाकासमोर. ती मला दिसत होती. दिसत असताना मी मारत राहिलो. बसमधली पोरं, बागायतदार, वडील, सगळे उसाच्या कडेला येऊन थांबले होते. बागायतदारांनी मला मागून आवळलं तेव्हा काका उठले, बाजूला थुंकले. रक्तात पुढचा एक दात होता. दात रुमालात बांधून ते चालत गेले.

मी तिथे थांबलो नाही. माझा पाय प्लास्टरमध्ये होता, पण जीभ मोकळी होती. दुसऱ्या दोन्ही विमानवाल्यांना फोन करून सांगितलं, म्हातारा आता नीट तपासत नाही, जिवाशी खेळ नको. दोघांनी त्यांना बोलावणं बंद केलं. महिन्याभरात कळलं की काका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रखवालदारी करतात.

प्लास्टर निघाल्यावर मी शेडमध्ये गेलो. पुरावा हवा होता. नळीत गांधीलमाशीचं घर निघणार, ते डबीत घालून बागायतदारांना दाखवणार, असं ठरवून गेलो होतो. करवतीने नळी उभी कापली. आत वाळलेल्या झेंडूचा बोळा होता आणि बोळ्याच्या मधोमध दोन बोटं लांबीची गुलाबी काडी.

मी तिथेच फरशीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या हाताची किळस आली. करवतीने तो कापावा असंही वाटून गेलं, पण तसं काही केलं नाही, कारण मी भित्रा आहे. मारकुटी माणसं बहुतेक भित्रीच असतात.

संध्याकाळी कापलेली नळी घेऊन काकांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली, काडी बाहेर काढली, वास घेतला.

"अगरबत्ती," ते म्हणाले. "तुमीच लावली होती."

"हो. काका, मला माफ करा."

"फुलं काढली म्या, लिंबू उचललं, पण नळीत डोया नाही घातला. पूजेनंतर पाह्याले पाह्यजे होतं. ते माही चूक. एक दात त्या चुकीपायी गेला, समजा." दाताच्या फटीतून त्यांचा शब्द शिटीसारखा येत होता. "पन म्या तुमच्या नावानं कोनाले फोन नाही केला."

मी पाया पडायला वाकलो, त्यांनी पाय मागे घेतले.

"इथं घरात कोनी पाह्यलं नाही मले मार खाताना. मारलं तं सगळ्यायसमोर. आता सांगा लागन तेबी सगळ्यायसमोर. अन् मले एक परत द्याची हाय. तेबी तिथंच."

त्या दोन विमानवाल्यांना मी त्याच रात्री फोन केले. पुढचे दहा महिने विमान पुन्हा उभं करण्यात गेले. पंख मी शिवले, दांडे मी बदलले, काका एकदाही आले नाहीत. खंडेनवमीला पुन्हा बस आणली, तीच पोरं, तेच बागायतदार, आणि दोघे विमानवालेही. वडील ताम्हन घेऊन उभे. काका इस्त्रीच्या कपड्यांत आले आणि शेपटाशी नाही, अगदी समोर उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. काडी सांगितली, काटा सांगितला, फोन सांगितले. ऊस शेवटी सांगितला.

काका पुढे आले. "चष्मा काढा, साहेब."

मी काढला. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन वडिलांच्या हातात दिला. मग उजवा हात पूर्ण मागे नेऊन माझ्या कानाखाली अशी लगावली की मी गुडघ्यावर आलो. तोंडात पुन्हा रक्ताची चव. वडिलांच्या मारात असं वजन कधीच नव्हतं.

"झालं?" वडिलांनी विचारलं. "का आणखी कोणी राहिलंय? मुहूर्त चाललाय."

"झालं," काका म्हणाले. त्यांनी खिशातून एक केळं काढलं, चाकूने मधोमध कापलं, अर्धं विमानापुढे फरशीवर ठेवलं आणि पेटवलेली अगरबत्ती माझ्या हातात दिली. "इथं खोचा."

मी खोचली. आरती झाली, प्रसाद झाला. मग काका बॅटरी घेऊन पंखाखाली वाकले आणि बराच वेळ नळीत बघत राहिले. मनगटाला पट्टी बांधली, पण हात वर केला नाही. बॅटरी माझ्यापुढे धरली.

"आता तुमी पाहा."

डावा कान घुमत होता. वडिलांकडून चष्मा घेतला, गुडघे टेकले, नळीला डोळा लावला. आत काही नव्हतं. मी पुन्हा एकदा पाहिलं.