शेऱ्याचा रकाना

ज्या मीटिंगमध्ये एका माणसाची नोकरी जायची होती, तिच्यासाठी मी नवा शर्ट घेतला होता. शर्ट गुलमंडीवरून घेतलेला, फिक्कट निळा, खिशावर बारीक शिलाई. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, यात तुम्ही बोलायला उभे राहिलात की माणसं ऐकतच बसतील." मला तेवढंच हवं होतं. गणपतीतल्या नाटकांत वीस वर्षं राजे, सावकार आणि एकदा रंभा केलेला माणूस मी. चार माणसं समोर बसली की माझ्या अंगात येतं.

सलग दुष्काळाची ती वर्षं. धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र रोज थोडं थोडं लांब होत चाललेलं. चिकलठाण्याच्या पुढे, जालना रोडला, जिथं गेल्या साली ज्वारी उभी होती तिथं "प्रशस्त फ्लॅट, स्विमिंग पूलसह" अशी पाटी उभी राहिली. घोटभर पाण्यासाठी माणसं रांगेत आणि पाटीवर निळंशार पाणी! मी येताजाता त्या पाटीला मनातल्या मनात मुजरा करायचो. एवढी हिंमत मला रंभा करतानाही झाली नव्हती.

या नव्या वस्त्यांना नळ नव्हते. टँकर होते. टँकरचा एक ठेकेदार होता, त्याला सगळे शेठ म्हणत. शेठ आमच्या बाराजणांच्या कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. औद्योगिक वसाहतीतल्या एका जुन्या कारखान्याच्या माडीवर आम्ही बसायचो. खाली लेथ मशीन घरघरायचं, वर आम्ही सॉफ्टवेअर करायचो. मी प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणजे स्वतः काही न बनवता इतरांना "झालं का?" विचारत फिरणारा.

आमचं सॉफ्टवेअर साधं होतं. टँकर आला नाही की लोक आमच्या नंबरवर फोन करायचे. त्या प्रत्येक तक्रारीचं एक तिकीट तयार व्हायचं. तिकिटाला नंबर, तक्रार करणाऱ्याचा मोबाइल, पत्ता, आणि तीन अवस्था: नवीन, चालू, मिटली. नवीन तांबडी, चालू पिवळी, मिटली हिरवी. संध्याकाळी पडदा हिरवा झाला की मी चहा मागवायचो.

टँकर भरायचे तिथं पत्र्याच्या शेडमध्ये मामा बसायचे. कुणाचे मामा ते माहीत नाही, सगळ्यांचेच. कोणता टँकर कुठं पाठवायचा हे तेच ठरवत. जन्म मेंढरांमागं गेलेला. मेंढरं आता थोरल्या भावाकडे आणि हे शहरात टँकरमागं. आम्ही त्यांना एक टॅब दिला होता आणि त्यावर एक शीट, जी आमच्या ऑफिसात कुणालाही उघडून बघता यायची. रकाने पाच: टँकर, निघाला, कुठं, परतला, शेरा. टँकरच्या रकान्यात गाडीचा नंबर लिहायचा होता. मामा लिहायचे: लंगडी, काळतोंडी, बांडी, म्हातारी. मागचं चाक कुरकुरणारा टँकर ती लंगडी. इंजिनापाशी धुरानं काळा झालेला ती काळतोंडी. आमची पोरं पोट धरधरून हसायची. मीच एकदा त्या शीटचं जाहीर वाचन केलं होतं, हातवारे करून. "लंगडी सात वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडली, म्हातारी अजून पाणी पितेय!"

तर तक्रारी एका जागी आणि फेऱ्या दुसऱ्या जागी. दोघांची गाठ नाही. शेठ एकदा म्हणाले, "तक्रार किती, फेऱ्या किती, जुळतंय का, मला एका पडद्यावर दाखवा." मी छाती पुढे काढून म्हणालो, "शेठ, जोडून टाकतो."

जोडायचं काम अर्थातच माझ्या माथी नव्हतं. आमच्याकडे एक टेस्टर मुलगी होती, उस्मानपुऱ्याहून स्कूटीवर यायची, फार कमी बोलायची आणि बोलली की आपलं काहीतरी चुकलेलं असायचं. तिनं आठवड्यात जोड बसवली. उघडी तिकिटं मामांना टॅबवर दिसायची, त्यातला नंबर त्यांनी प्रत्येक फेरीसमोर टाकायचा. नंबर जुळला की फेरी तिकिटाला जाऊन चिकटायची. पहिल्यांदा तिकिटावर बोट दाबलं आणि आत लंगडीची फेरी उघडली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. शेरे मात्र मी काढायला लावले. म्हटलं, "ते मोकळं लिखाण कशालाच जुळत नाही. आपल्या पडद्यावर तो रकाना लपवून टाक."

आणि मग मला सापडलं. रोज दोन फेऱ्या, कधी तीन, अशा होत्या की ज्यांना तिकीटच नव्हतं. तक्रार नाही, आणि टँकर गेलाय. "कुठं"च्या रकान्यात मामांनी नुसतं "वस्ती" लिहिलेलं. कुठली वस्ती? कुणासाठी गेला?

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिसऱ्या अंकातली चिठ्ठी सापडावी तसा. थांबून विचार करणं शक्यच नव्हतं. मी शेठना फोन लावला, आवाज खाली उतरवला आणि म्हणालो, "शेठ, रोज दोन टँकर गुप्त होतात."

पलीकडे डायरीची पानं चाळल्याचा आवाज आला. मग शेठ म्हणाले, "शनिवारी येतो. मामालाही बोलवा. पाणी परस्पर कुठं जात असेल तर सोमवारपासून मामा घरी."

फोन ठेवल्यावर आनंद जरा निवला. मामांना रोज हसत होतो, पण माणूस घरी बसावा असं काही माझ्या मनात नव्हतं. गुरुवारी दुपारी मी शेडवर गेलो. मामा खुर्चीवर मांडी घालून बसलेले, मांडीवर टॅब, टॅबवर टोपी.

"मामा, या फेऱ्या कुठं गेल्या?"

"पाणी घिऊन गेल्या."

"ते कळलं हो. कुणाकडं? तिकीट नाही त्यांना."

"तिकीट तुमचं. आमचं आमी लिवलंय की."

"कुठं लिहिलंय?"

"जिथं लिवायचं तिथं." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "साहेब, तुमी वाचता का वो कधी? का नुसतंच बघता?"

मला राग आला. बाजूला लंगडीचा ड्रायव्हर बोनेटवर पाय सोडून बसला होता. त्याला विचारलं, "तू सांग. कुठं जातोस?"

"साब, मामा जां बोले वां जाने का. लौटे तो चाय पीने का. बाकी अपुन कू क्या मालूम." आणि दोघंही हसले. मला वाटलं, मिळालेले आहेत.

"शनिवारी शेठ येणार आहेत," मी म्हणालो. "नोकरीचा प्रश्न आहे मामा."

"व्हय, कळलंय." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "शनवारी म्हातारी ग्यारेजला हाय, लवकर सोडा म्हंजे झालं."

शुक्रवारी दुपारी टेस्टर मुलगी माझ्या टेबलापाशी आली. तिनं लपवलेला रकाना उघडला होता.

"सर, हे काय आहे?"

मी वाचलं. "बारा-चौऱ्याऐंशी गप. दोन दिस." त्याखाली, "सत्तर-सतरा गप. बांडी लावली." पुढे, "तीस-एकोणीस गप व्हतं, बोललं." महिनोन्‌महिने हेच.

"मामा कविता करतात," मी म्हणालो.

ती हसली नाही. "हे मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे आहेत. मी आपल्या तिकिटांमधल्या मोबाइलशी लावून बघितले." तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "तिकीट नसलेली प्रत्येक फेरी कुठल्या ना कुठल्या जुन्या तिकिटाला जुळतेय. फक्त ती तिकिटं उघडी नाहीत. मिटलेली आहेत."

"कुणी मिटवली?"

"सिस्टीमनं."

मी खाली बसलो. उभा होतो हेही तेव्हाच लक्षात आलं.

सांगतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नियम होता. तक्रार करणाऱ्याला आम्ही मेसेज पाठवायचो, "आपली समस्या सुटली का?" तीन दिवस उत्तर आलं नाही की तिकीट आपोआप मिटायचं, हिरवं व्हायचं. नियम माझा. मीटिंगमध्ये मी उभा राहून म्हणालो होतो, "ओरडणं थांबलं म्हणजे दुखणं थांबलं!" बाकीच्या अकराही जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता दोन याद्या शेजारी शेजारी होत्या. डावीकडे जुळलेली आमची हिरवी तिकिटं. उजवीकडे मामांचे गप. तेच चार आकडे, त्याच तारखा, फार तर एका दिवसाचा फरक. यातल्या प्रत्येक ठिकाणी आम्ही "मिटली" म्हटलं होतं आणि मामा टँकर पाठवत होते. मी खाली खाली सरकवत गेलो. यादी संपेना. वेरूळला पहिल्यांदा गेलो तेव्हा एकाच कातळात वरून खाली कोरत गेलेलं देऊळ बघून मला जे झालं होतं, ते त्या दुपारी लेथच्या घरघरीत, एका शीटपुढे झालं. एक माणूस रोज, कुणी न सांगता, कुणी वाचत नसताना, हे कोरत बसला होता.

"सर, आता उद्या काय दाखवायचं?" तिनं विचारलं.

"हेच," मी म्हणालो. "आणि शर्ट नवाच घालायचा. पडणार तर निदान चांगल्या कपड्यात."

शनिवारी शेठ आले, मामा आले. मामांनी शर्टाकडे पाहिलं आणि विचारलं, "सोयरीक हाय का कुठं?" शेठसुद्धा हसले. मी दोन्ही याद्या प्रोजेक्टरनं भिंतीवर लावल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा कमी शब्दांत बोललो. नियम माझा आहे हेही सांगितलं. शेठनी दोन्ही याद्या वरून खाली वाचल्या. मग खुर्ची वळवून म्हणाले, "मामा, हे गप म्हणजे काय?"

"गप म्हंजे गप," मामा म्हणाले. "लोकं मला मिस्डकॉल देत्यात सकाळच्या पारी. एक रिंग म्हंजे पाणी आलं नाय. दोन रिंगा म्हंजे आलं. पैसं लागत नाय, बोलावं लागत नाय. आता एक बी नाय आन् दोन बी नाय, तर बघाया नगं का?"

"पाणी मिळालं असेल म्हणून गप असतील," शेठ म्हणाले.

"मिळाल्यावर लोक दोन रिंगा देत्यातच शेठ. लई हौसेनं देत्यात." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मेंढरू वरडतंय तवर जित्तं असतंय. त्याची काळजी नाय. गप झालं की काठी घिऊन उठायचं. माझा बाप हेच सांगायचा, दुसरं कायच नाय सांगितलं त्यानं."

मी भिंतीकडे बघायला लागलो.

"हे बारा-चौऱ्याऐंशी," टेस्टर मुलीनं विचारलं. "इथं काय झालं होतं मामा?"

"ती पाटी नाय का, पव्हायच्या हौदाची? तिच्यामागं पत्र्याची वस्ती हाय, बांधकामावरची. वीस घरं, आन् फोन एका बाईकडं. तिचाच मिस्डकॉल यायचा. ती गेली माहेराला बाळंतपणाला, फोन गेला तिच्यासंगं. सगळी वस्ती गप!" मामा हसले. "लंगडी पोचली तवा बाया ड्रायव्हरला म्हणल्या, तुला कुणी सांगितलं रं? त्यो म्हणला, किसीने नहीं बोला, इसलिए आया."

आमच्याकडे त्या वस्तीचं तिकीट हिरवं होतं. मी त्या संध्याकाळी चहा मागवला असणार.

शेठनी विचारलं, "मामा, मला का नाही सांगितलं कधी?"

मामांना खरंच नवल वाटलं. "लिवलं व्हतं की. रोज."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी शर्टाच्या शिलाईकडे.

"मामा कुठं जात नाहीत," शेठ शेवटी म्हणाले. "आणि तुमचा तो नियम. तो काढा. आत्ता. माझ्यासमोर."

टेस्टर मुलीनं नियम काढला आणि सिस्टीमनं आपण होऊन मिटवलेली सगळी तिकिटं उघडायला लावली. भिंतीवरचा हिरवा पडदा वरून खाली तांबडा होत गेला. एक ओळ, मग दुसरी, मग पानच्या पान. मी त्यात जुळलेली शोधत होतो, मामांनी ज्यांना पाणी पोचवलं होतं ती. होती, बरीच होती. पण मधेमधे अशीही होती की ज्यांच्यासमोर उजवीकडे काहीच नव्हतं.

मामा उठून भिंतीपाशी गेले. बोट लावून आकडे वाचायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"ह्ये कोण?" त्यांनी विचारलं. "ह्ये माझ्याकडं नाय."

"यांच्याकडे तुमचा नंबर नसेल मामा," ती म्हणाली. "आमच्याच नंबरवर फोन केला होता, आणि मिटलेलं तिकीट टॅबवर दिसत नाही."

"आन् मग गप झाली?"

"हो."

"एवढी?"

ती "हो" म्हणाली की नुसती मान हलवली, आठवत नाही. मामा तसेच उभे होते. मला वाटलं, रागावतील. पण ते थक्क झाले होते. आपल्या कळपाच्या पलीकडे आणखी कळप असावा, आणि तो इतके दिवस एका भिंतीआड शांत उभा असावा, असं काहीतरी त्यांना दिसलं असेल. त्यांच्या शीटला जे ठाऊक नव्हतं ते आमच्या तिकिटांत होतं, आणि आमच्या तिकिटांना जे कळलं नाही ते त्यांच्या शेऱ्यात. दोन्हीपैकी एकाच जागेवरून हे कुणालाच दिसलं नसतं.

मग मामांनी टोपी घातली आणि फोन लावला. पलीकडून "बोलो मामा" ऐकू आलं.

"लंगडी मोकळी हाय का? लाव तिला नळीला. काळतोंडीला वाटंतनं माघारी बोलव." फोन कानाला तसाच धरून ते मुलीकडे वळले. "पोरी, वाच एक एक. पत्त्यासकट."

ती वाचायला लागली. शेठ स्वतः उठून खिडकीपाशी गेले आणि आणखी टँकर मिळतो का ते कुणाला तरी विचारू लागले. मी मधोमध उभा, नव्या शर्टात, हातात काही नाही आणि बोलायलाही काही नाही.

मामांनी टॅब माझ्याकडे सरकवला. "साहेब, बाह्या वर करा. ही सांगतीय, मी धाडतोय. लिवायला कोण हाय?"

मी बाह्या वर केल्या, खुर्ची ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात पहिले चार आकडे लिहिले. पुढे लिहिलं, गप. लंगडी लावली.