लग्न बाकी, व्हिसा हवा

फॉर्मच्या पहिल्याच पानावर माझी गाडी अडली. नाव, जन्मतारीख, जन्मगाव इथवर सुरळीत होतं. मग आली वैवाहिक स्थिती. त्यापुढे चौकटींची रांग: अविवाहित, विवाहित, विभक्त, घटस्फोटित, विधवा आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. माझी वीस वर्षांची मुलगी मोबाइलवर बोट रोखून बसली होती. “आई, लवकर सांग, नेट जाईल,” ती म्हणाली.

मी विचारलं, “खरं लिहायचंय ना?”

“वर लिहिलंय तसं. खोटी माहिती दिली तर अर्ज रद्द.”

“मग अविवाहित कर.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, हसू गिळलं आणि त्या चौकटीत खूण केली. ‘इतर’वर मी मुद्दामच गेले नाही. शाळेच्या माहिती-तक्त्यांत ज्याचं काय करायचं ते कळत नाही ते आम्ही ‘इतर’मध्ये ढकलतो. तिथं मला स्वतःला ढकलायचं नव्हतं.

हे परक्या माणसाला विचित्र वाटेल, म्हणून सांगते. मी तलासरी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका पाड्यावर राहते आणि जवळच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकवीस वर्षं एकाच माणसाबरोबर संसार करतेय. पण आमचं लग्न झालेलं नाही. आमच्याकडे मागणी होते, चार वडीलधारी बसून ताडी पितात, मुलगी नांदायला येते आणि लग्न सवडीनं होतं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी करते तेव्हा ते लग्न खरं. ती सवड कधी दोन वर्षांनी मिळते, कधी वीस. तोवर कोणी नाकं मुरडत नाही. माझ्या आईवडिलांचं लग्न तर मी स्वतः पाहिलंय. चौथीत होते मी. पंगतीत पाणी वाढलं आणि नवरीमुलीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मांडीवर झोपले.

आमचं मात्र राहूनच गेलं. मी आले त्या वर्षी सासरे वारले. मग मुलगी झाली, मग माझी नोकरी लागली, मग धाकट्या दिराचं लग्न अंगावर आलं. दरवर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’. घाईच्या दिवसांत दळण राहून जातं ना, तसं लग्न राहून गेलं. सर्व्हिस बुकात मी विवाहित आहे, आधार कार्डावर त्याचं नाव आहे, रेशन कार्डावर आम्ही एक कुटुंब आहोत. सरकारनं आमचं लग्न कधीच लावून टाकलंय, आमच्या माणसांनीच तेवढं लावलेलं नाही.

माझा माणूस डहाणूच्या एका चिकूच्या वाडीत कामाला होता. खिरणीच्या रोपावर चिकूचं कलम बांधावं तर त्यानंच, असा त्याचा हात. दोन वर्षांपूर्वी तो पोलंडला गेला, सफरचंदांच्या बागेत. तिथलं काम रीतसर कराराचं, आणि करार सफरचंदांची तोडणी संपेल तेव्हा, म्हणजे ऑक्टोबरअखेर संपणार होता. पण बागेचा मालक त्याच्या हातावर खूश. त्याला आणखी दोन वर्षांसाठी थांब म्हणत होता. हे माझ्या माणसानं मला फोनवर असं सांगितलं, जसं काही आज जेवणात भेंडी होती. मीही म्हटलं, “बघ तुला काय वाटतं ते.”

मला काय वाटत होतं? त्यानं घरी यावं असं वाटत होतं. पण ते मी तोंडानं म्हणणार नव्हते. मी मूळची आडमुठी, आणि स्वतःला नको असलेली गोष्ट माणूस आपल्या शब्दाखातर करतं तेव्हा ते पुढची दहा वर्षं ऐकवतं, हेही मी पाहिलेलं. तरी दोन वर्षं पुरे झाली होती. फोनवर त्याचं हो की नाही ते कळत नाही, तोंड बघितलं की लगेच कळतं. म्हणून ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत आपणच जायचं. तोंड बघून यायचं.

पासपोर्ट होता. परदेशात जायची परवानगी तालुक्याच्या कचेरीतून मिळाली. तिथल्या बाबूंनी आधी भिंतीवरच्या नकाशात पोलंड शोधला, सापडल्यावर शेजारच्यांना दाखवला आणि मगच शिक्का मारला. उरलेल्या कामासाठी मी डहाणूला स्टेशनजवळच्या एका एजंटकडे गेले. पॅन कार्डापासून काशीयात्रेपर्यंत सगळं करून देणारा माणूस. मराठी बोलतो, पण रागावला की गुजरातीत शिरतो.

त्यानं माझा फॉर्म एका हातात धरला आणि पोलंडहून आलेलं माझ्या माणसाचं निमंत्रणपत्र दुसऱ्या हातात. बराच वेळ इकडून तिकडे पाहत राहिला.

“बेन, हे शेठ लिहितात, माझी बायको येते. तुम्ही लिहिता, माझं लग्न नाय झालं. बेमाथी एक खोटू छे.”

“दोन्ही खरं आहे,” मी म्हटलं.

मी त्याला सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढून आवाज बारीक केला. “लग्न नाय तर व्हिसा नाय देत, त्यांना वाटतं बाई परत येणार नाय. एवढी गोष्ट आहे ना? एक मॅरेज सर्टिफिकेट जोडू. जुनी तारीख टाकून. माझा माणूस आहे, तीन दिवसांत आणून देतो. शेठला इकडे यायची पण गरज नाय.”

आता मी शिक्षिका आहे, मुलांना खरं बोलायला शिकवते, म्हणून मला राग आला असं लिहिलं तर लोक मान डोलावतील. पण ते तसं नव्हतं. शाळेत मीही दोन-चार कागदांवर मागच्या तारखा घातल्यात, देव बघतोय. मला राग आला तो वेगळाच. माझ्या लग्नाची हळद अजून मला लागलेली नाही, जेवण कोणी जेवलेलं नाही, आणि ते लग्न हा बाबा झेरॉक्स मशीनच्या शेजारी लावून टाकणार! माझंच लग्न आणि मलाच आवतण नाही. मी कागद पिशवीत भरले आणि म्हटलं, “आमच्या लग्नाचं आमचं आम्ही बघू.” आणि तडक एसटी स्टँडवर आले. घरी पोचेपर्यंत राग उतरला आणि काळजी चढली, कारण भांडण माझं झालं होतं आणि व्हिसा मलाच हवा होता.

सासू ओट्यावर वाल सोलत बसली होती. तिला सांगितलं. एजंट म्हणतो, असल्या बाईला व्हिसा देत नाहीत. व्हिसावाल्यांना भीती, की ही गेली तर परत यायची नाही, तिथंच राहील. परत येणार याचा पुरावा पाहिजे.

सासूनं मान वरही केली नाही. “मंग आहा ना पुरावा. लगीन बाकी आहा.”

“तेच तर नडतंय.”

“नडतंय काय? लगीन कठं लागंल? तठं त्या सफरचंदात? तठं धवलेरी आहा का? अठंच लागंल ना. लगीन बाकी असलेली बाई घरला येणार नाय तं जाईल कठं? तसं लिव त्याहना.”

मी अठरा वर्षं शिकवतेय, अर्ज-विनंत्या लिहून बोटं झिजली, पण हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सासू आणि मी पलीकडच्या पाड्यावर धवलेरीकडे गेलो. म्हातारी नाचणीच्या शेतात राखणीला बसली होती. आमचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, “पोरीचं लगीन निघंल त्या दिशी धावत येशील, म्हणून मी वाट बघत व्हतू.” कारण आईबापांचं झाल्याशिवाय लेकीचं होत नाही, हा आमच्याकडचा नियम. मग तिनं आकाशाकडे बघत हिशेब केला. भात घरात येईल, झोडणी होईल, पाहुण्यांना सवड होईल. “माघात लावू,” ती म्हणाली. इतकंच. एकवीस वर्षं जे ठरत नव्हतं ते शेताच्या बांधावर अर्ध्या घटकेत ठरलं. एका कागदासाठी मी आले होते, आणि या दोघी म्हाताऱ्या खरोखरीचं लग्न ठरवत होत्या. मांडवाला बांबू कोणाकडचे आणायचे इथवर त्या पोचल्या, तेव्हा कुठं मला कळलं की मलाही ते हवंच आहे.

गावच्या पोलीस पाटलांनी पत्र लिहून दिलं. हे दोघं एकवीस वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहतात, त्यांना एक मुलगी आहे, रीतीप्रमाणे लग्नविधी बाकी आहे आणि तो येत्या माघात याच पाड्यावर व्हायचा आहे, सबब बाईंनी त्याआधी परत येणं आवश्यक आहे. खाली त्यांची सही, शिक्का आणि शेजारी धवलेरीचा अंगठा. अंगठा उठवताना तिनं विचारलं, “हा कागद कठवर जाणार?” पोलंडपर्यंत म्हटल्यावर तिनं आणखी जोरात दाबला. मुलीनं त्या पत्राचं इंग्रजी केलं आणि एक प्रत सहीसाठी तिच्या बापाला पाठवली, कारण लग्न दोघांचं असतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

“वाचलं,” तो म्हणाला.

“मग?”

“सही करून पाठवतो.”

“बाकी काही?”

“बाकी काय. इथं आज गारठा पडला. पहाटे गवत पांढरं झालेलं.”

एकवीस वर्षांनी माणसाला त्याच्या लग्नाचा महिना कळतो आणि तो गवताचा रंग सांगतो. मी फोन ठेवला तो जरा आपटूनच ठेवला.

एजंटनं पत्र दोनदा वाचलं. “बेन, असला कागद मी आयुष्यात लावला नाय. जाणार रिजेक्टमध्ये.” पण माणूस मनानं वाईट नव्हता. त्यानंच सुचवलं की ‘इतर’ची चौकट घ्या आणि समोर लिहा, खुलासा सोबत जोडला आहे. इतरमध्ये जायला आता मला काही वाटलं नाही. खुलासा तर तब्बल अंगठ्यासकट होता.

मुंबईला जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो देऊन आले. काउंटरवरच्या मुलीनं धवलेरीच्या अंगठ्याकडे बोट दाखवून हे काय विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडचं मॅरेज ऑफिस. ती हसली आणि तो कागद सगळ्यांत वर लावला.

मग वाट पाहणं. मी वर्गात फळ्यावर काही लिहीत असले तरी कान पिशवीतल्या मोबाइलकडे. आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत, मुलं खिचडीला बसलेली असताना, खरंच फोन आला. व्हिसाच्या ऑफिसातून बोलतोय, म्हणाले. एक बाई हिंदीतून विचारत होत्या. नाव, शाळा, किती दिवस जाणार. मग त्यांनी विचारलं, “इक्कीस साल शादी नहीं की, तो अब क्यों?”

याचं उत्तर मी घोकून ठेवलेलं नव्हतं. एजंटनं असा प्रश्नच सांगितला नव्हता. मी शाळेच्या पायरीवर बसले आणि जे आलं ते बोलले. म्हटलं, मॅडम, तो घरात होता तेव्हा वाटायचं, लग्न कुठं पळून जातंय. दोन वर्षं तो समोर नाही, तर कळलं की राहिलेली गोष्ट करून टाकावी. मला तो घरी हवा आहे. हे मी अजून त्याला म्हटलेलं नाही, तुम्हाला सांगते.

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग त्या म्हणाल्या, “ठीक है,” आणि फोन बंद झाला. मला वाटलं, झालं, आपण आपल्या हातानं घालवलं. कोणी बाई ऑफिसात असं बोलते का? खिचडी वाढणाऱ्या मावशींनी मला ताट आणून दिलं, ते मी तसंच मुलांच्या पंगतीत नेऊन ठेवलं.

आठवड्यानं एजंटचा निरोप आला, पासपोर्ट आलाय. त्यानं स्वतः पाकीट फोडलं नव्हतं, माझी वाट पाहत होता. आत व्हिसा चिकटलेला, माझा फोटो जरा भेदरलेला. तेवीस दिवसांचा. एजंटनं दोन कटिंग मागवले आणि पत्राची एक झेरॉक्स आपल्या फाइलीत ठेवून घेतली, म्हणाला, उपयोगी पडेल. मी त्याच्यासमोरच पोलंडला फोन लावला. व्हिसा मिळाला म्हणून सांगितलं.

“बरं झालं,” माझा माणूस म्हणाला. “तिकीट मी काढतो. तू नको काढू.”

तेवढंच. तरी मला आनंद झाला होता. करार वाढवला की नाही ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. म्हटलं, तोंड बघितल्यावर कळेलच.

दोन दिवसांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिकिटाची प्रिंट घ्यायला डहाणूला गेले. एजंटच्या ईमेलवरच ते आलं होतं. त्यानं कागद काढला, चष्मा वर केला, खाली केला आणि जीभ चुकचुकवली.

“बेन, शेठनी घोटाळा केला. जातानाची एक सीट आहे, बरोबर. येतानाच्या दोन लावल्यात. आजच कॅन्सल करायला सांगा.”

मी कागद माझ्याकडे ओढला. पहिलीतली मुलं वाचतात तसं अक्षरांखाली बोट ठेवून येतानाची दोन्ही नावं वाचली. आणि तिथंच, एजंटच्या खुर्चीत, मला रडू फुटलं. तो बिचारा घाबरला, पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला, “रडू नका बेन, फोन करून सुधारून घेऊ.”

“सुधारू नका,” मी म्हटलं. “तो घरी येतोय.”