जत्रेच्या तंबूतला शेवट

गेवराईच्या स्टँडवर आईनं माझ्या पिशवीत दशम्यांचं फडकं कोंबलं, वर चटणीची पुडी ठेवली आणि बीडची गाडी लागल्यावर म्हणाली, "जा. भिऊ नको. शेवटाला समदं नीट होतं, बघितलं न्हवं आपण?"

बघितलं होतं खरं, पण ते सिनेमात. पंधरा दिवसांपूर्वी, देवीच्या जत्रेतल्या तंबूत. त्या एका सिनेमाच्या भरवशावर माझ्या आईनं पोटची पोरगी गाडीत बसवली. पुढं बीडला दत्ताच्या मावशीकडं आमचं लग्न लागायचं होतं आणि तिथून आम्ही हैदराबादला जाणार होतो. आप्पा स्टँडवर आले नव्हते. सकाळी आम्हाला घेऊन आमच्या गावाहून, तलवाड्याहून निघालेली जीप आमच्या कापडदुकानासमोरून गेली तेव्हा ते मीटरपट्टीनं कापड मोजत उभे होते. समोर गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मान वर केली नाही.

दत्ता आमच्या समाजातला नव्हता. दुकानासमोरच्या पिठाच्या गिरणीत मोटार बिघडली की दुरुस्तीला यायचा आणि ती मोटार त्या वर्षी जरा जास्तच बिघडली. हैदराबादच्या औषध कारखान्यात त्याला फिटरची नोकरी लागली तेव्हा मी घरात तोंड उघडलं. आप्पा "न्हाई" म्हणाले. आप्पांचं न्हाई म्हणजे दगडावरची रेघ. आई तेव्हा गप्प होती.

मग जत्रा आली, तंबू आला, आणि त्यात तो सिनेमा आला. तुम्ही पण पाहिला असेल. त्याचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या घरात त्याला कुणी नावानं बोलवतच नाही, नुसतं 'त्यो सिनेमा' म्हणतात. दोघांचं प्रेम असतं, पोरीचा बाप आडवा येतो, दोघं ताटातूट होऊन रडतात, आणि अगदी शेवटी, कसं काय कोण जाणे, एकदम लग्नाचं गाणं लागतं. मुंडावळ्या, सनई, सगळं. बायकांच्या बाजूला बसलेल्या आम्ही इतक्या हरखलो की कुणीतरी जत्रेतले चुरमुरे मुठीत घेऊन पडद्यावर अक्षता टाकल्या, आणि मग सगळ्यांनीच टाकल्या. आईनं तर पुडा रिकामा केला.

घरी आल्यावर आईनं आप्पांशी वाद सुरू केला. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच. तीन दिवस तिचं एकच चालू होतं. "त्यातला बाप बी तुमच्यावाणीच व्हता. पर शेवटाला झालं का न्हाई लगीन? पडलं का आभाळ?" आप्पा ऐकून घ्यायचे. चौथ्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "तुला धाडायची तर धाड. मी येणार न्हाई." आणि ते खरोखर आले नाहीत. ना स्टँडवर, ना बीडला, ना पुढं हैदराबादला.

तलवाड्यात राहिलेल्या माझ्या बायांनो, आणि माझ्यासारख्या पुण्या-सुरतेला, कुठं कुठं पांगलेल्यांनो, पहिलं वर्ष कसं जातं ते तुम्हाला सांगायला नको. मला तर रडायला सुद्धा भाषा नव्हती. आमच्या घरमालकीणबाईंची दखनी उर्दू आणि माझी तलवाड्याची मराठी ही चुलत भावंडं निघाली म्हणून निभावलं. 'का'ला मी "कावून" म्हणायची, त्या "कायकू" म्हणायच्या. त्यांच्याच घरी एका दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. मी आनंदानं दत्ताचा शर्ट शिवायचा ठेवून समोर जाऊन बसले.

लग्नाचं गाणं मध्येच आलं. सिनेमा निम्मा झाला होता, आणि ते गाणं म्हणजे नुसतं पोरीला पडलेलं स्वप्न होतं. पुढं सिनेमा चालूच राहिला. शेवटी रेल्वे स्टेशन आलं, पोरगी गाडीत चढली, पोरगा फलाटावर राहिला, गाडी सुटली, आणि पाटी आली, समाप्त. तंबूवाल्यानं रिळं खालीवर केली होती आणि स्टेशन गाळलं होतं. आमच्या अख्ख्या गावानं स्वप्नावर अक्षता टाकल्या होत्या.

"कायकू रोरई मा?" का रडतेस म्हणून घरमालकीणबाईंनी विचारलं. काय सांगणार? माझ्या आईनं जे पाहून मला धाडलं ते कधी घडलंच नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, हे आईला कधी म्हणजे कधी कळू द्यायचं नाही.

आणि बावीस वर्षं कळलं नाही, ही त्यातली गंमत. गावात घरोघर टीव्ही आले, सणासुदीला तो सिनेमा लागायचा, आई हौसेनं पुढ्यात बसायची. पण गाणं संपलं रे संपलं की आप्पा रिमोट उचलून बातम्या लावायचे. दर वेळी. आई फोनवर माझ्याकडं गाऱ्हाणं करायची, "ह्यांचा राग काय जाईना बाई. त्या गाण्याच्या फुडं बघूच देत न्हाईत." मी मनातल्या मनात आप्पांच्या रागाचे आभार मानायची. माझं लग्न ज्यानं केलं त्या सिनेमाचा त्यांना राग असणारच, असं मी धरून चालले.

आमचं बरं चाललं. आता माझं शिवणाचं दुकान आहे, तिघी जणी हाताखाली आहेत, मग्गम वर्कच्या, म्हणजे जरीच्या भरतकामाच्या ब्लाउजांमुळं लग्नसराईत दम घ्यायला फुरसत नसते. गिऱ्हाइकं मला अक्का म्हणतात. सांबारात मी चिंच बेतानं घालते आणि भाजीत काळा मसाला बेतानं. आई वर्षाआड माझ्या भावाबरोबर येऊन जायची. आप्पा फोनवर "बरी हाईस ना" विचारायचे, मी "बरी हाय" म्हणायची, संपलं. माझं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी नवीन फ्लॅटमध्ये आले तेव्हा पूर्वेची खोली त्यांची म्हणून ठेवली, पूजेला कोनाडा करून घेतला. त्यात कपड्यांच्या घड्या साठत राहिल्या.

मग या वर्षी बातमी आली, त्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय. तीच दोघं, तेच नट, आता केस पिकलेले, आणि वीस वर्षांनी भेटतात. मी दुकानात कात्री हातात घेऊन ओरडलेच. संध्याकाळी आईचा फोन. तिला भावाच्या पोरीनं मोबाईलवर जाहिरात दाखवली होती.

"मला दाव तो. तिकडं मोठ्या थेटरात," आई म्हणाली. मग जरा थांबून, "पर एक कळंना बग. लगीन झालतं त्यांचं. मंग वीस वर्षांनी भेटत्यात कशाला? एका घरातच आसतील की."

मी घाईनं म्हटलं, "मध्ये कामासाठी लांब गेला असेल तो."

"दुबईला गेला आसंल," आईनं स्वतःच सोडवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. आपणहून. मला आधी वाटलं, आईला काही झालं. "तिला त्यो सिनेमा दावू नको," ते म्हणाले.

माझी सटकली. मी म्हटलं, "आप्पा, बावीस वर्षं झाली. माझी पोरगी कॉलेजात जाते. आता तरी त्या सिनेमावरचा राग सोडा."

मग आप्पा म्हणाले, "तू दावणारच आसशील, तर मंग मी बी येतो."

मी फोन ठेवला आणि एवढ्या मोठ्या वयात पलंगावर उड्या मारल्या. आईला कसं सावरायचं ते नंतर पाहू, आप्पा येतायत! दत्तानं दोन दिवस रजा टाकली. कोनाड्यातल्या घड्या हलल्या, मी विभूती आणली, नवं धोतर आणलं, ज्वारीचं पीठ तर महिनाभर पुरेल एवढं आणलं. स्टँडवर आप्पा उतरले तेव्हा ते मला वाटले होते त्याहून बारके निघाले. कपिलधारच्या यात्रेला जाताना घालतात तीच ठेवणीतली टोपी त्यांनी घातली होती. दत्ता पाया पडला. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मोटारी दुरुस्त करतूस का आजून?" दत्ता लाजला. बावीस वर्षांचं भांडण एवढ्यात मिटलं.

सकाळचा खेळ काढला होता. मॉलच्या सरकत्या जिन्यावर आईनं आप्पांचा हात धरला, तसं मी पहिल्यांदाच पाहिलं. आम्ही चौघं एका रांगेत बसलो, आई माझ्या आणि आप्पांच्या मध्ये, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा. दिवे गेले. आणि सिनेमा सुरू झाला तो थेट त्या जुन्या स्टेशनावर. पोरगी गाडीत, पोरगा फलाटावर.

"आगं, माजा चष्मा पडला, बघ बरं खाली," आप्पा घाईघाईनं म्हणाले.

"नाकावर हाय तुमच्या," आई म्हणाली. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

गाडी सुटली. आई माझ्याकडं झुकली. "ही रेल्वे कुटून आली? आपल्याकडं न्हवती ही." ती मागं टेकली आणि मग मध्यंतरापर्यंत तिनं एक दाणा तोंडात टाकला नाही. मध्यंतरात दत्ता आणि आप्पा चहा आणायला गेले, तेव्हा तिनं विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्या वर्षापासून."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग म्या तुला धाडलं ते कशाच्या जोरावर गं? तुजं वंगाळ झालं आसतं म्हंजी?"

मला त्या क्षणी तिचं फार वाईट वाटलं आणि तिचा फार अभिमानही वाटला. मी म्हटलं, "तुझ्या जोरावर धाडलंस. सिनेमा निमित्त होता." तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. दिवे पुन्हा गेले.

बाकीचा सिनेमा मी निम्मा पडद्यावर आणि निम्मा आईच्या तोंडावर पाहिला. ती दोघं भेटली, भांडली, एकमेकांची पोरंबाळं विचारली, परत फिरली, आणि अगदी शेवटी त्याच फलाटावर तिनं या वेळी गाडी जाऊ दिली. सनई वाजायला लागली. ते जुनंच गाणं, आता पिकल्या केसांवर मुंडावळ्या. आणि माझ्या आईनं डब्यात हात घातला, उभी राहिली आणि मूठभर पॉपकॉर्न पुढं उधळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण हैदराबादच्या लोकांना पडद्यावर कागद उधळायची सवय. मागून कुणीतरी शिटी मारली, पुढच्या रांगेतल्या पोरींनी मागं वळून पाहिलं आणि त्यांनीही उधळलं.

"बघितलं?" खाली बसत आई म्हणाली. "आपल्या तंबूवाल्यानं बरोब्बर दावलतं. जरा आधी दावलं, एवढंच." माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर आई दत्ताबरोबर हात धुवायला गेली. आप्पा आणि मी एका बाकावर बसलो. चष्म्याचं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी विचारलं, "आप्पा, ती रेल्वे येणार हे तुम्हाला कसं माहीत?"

"जत्रंच्या कमिटीत व्हतो न मी," आप्पा म्हणाले. "जत्रंतून माणूस रडत घरला जाऊ नये, आसा आपला रिवाज. तंबूवाला आला की म्या आधी इचारायचो, शेवट कसा हाय. त्यो म्हणला, रडका हाय. मीच म्हणलो, मंग त्ये लगनाचं गाणं शेवटाला लाव."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. तीन दिवस आई त्यांना त्या लग्नाचा दाखला देत होती. ते गाणं कुठून आलं हे त्या घरात फक्त त्यांना ठाऊक होतं. 'ते लग्न खोटं हाय', एवढं एक वाक्य बोलले असते तर आई गप्प झाली असती, आणि आई गप्प झाली असती तर मी उंबरा ओलांडला नसता.

"मग सांगितलं कावून न्हाई?" मी विचारलं. किती वर्षांनी माझ्या तोंडात तो शब्द आला.

"सांगितलं आसतं तर तू थांबली आसतीस."

"तेच पाहिजे होतं ना तुम्हाला?"

"पायजे तर व्हतं," आप्पा म्हणाले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "पर तंबूतून भाईर येताना तुजं त्वांड बघितलतं म्या. मंग जीभच रेटली न्हाई."

"आणि टीव्हीवर बातम्या लावायचात ते?"

"तुज्या आईला कळलं आसतं तर तिला झोप लागली नसती. पोरगी चुकीच्या ठिकाणी धाडली का काय म्हणून घोर घेतला आसता."

"मग इथं कधी आला का नाहीत?"

"एकदा न्हाई म्हणलं की निघायला काय तरी कारण लागतं, बाई. त्येच गावंना."

मी त्या मॉलच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, पोटभर रडले. आप्पा पाठीवर थोपटत राहिले आणि दर थोड्या वेळानं "लोकं बघत्यात" म्हणत राहिले.

बावीस वर्षं मला कुणी विचारलं, तुझं घर कुठं, तर मी अडखळायची. तलवाडा म्हणावं तर तिथून मी आप्पांच्या मनाविरुद्ध निघालेली. हैदराबाद म्हणावं तर तिथं आप्पांचं पाऊल नाही. मधल्या रस्त्यावर कुठंतरी मी राहत होते. आता कळतंय की मी त्यांच्या मनाविरुद्ध निघालेच नव्हते. ते कापड मोजत होते तेव्हाच त्यांनी मला जाऊ दिलं होतं.

दोघं अजून इथंच आहेत. पूर्वेच्या खोलीतून सकाळी विभूतीचा वास येतो, आणि माझी पोरगी "कावून" म्हणायला लागली आहे. परवा रविवारी नव्या भागाच्या निमित्तानं टीव्हीवर जुना सिनेमा दाखवत होते. आम्ही सगळे बसलो. लग्नाचं गाणं संपत आलं तसा आप्पांचा हात सवयीनं रिमोटकडं गेला, आणि मग त्यांना आठवलं असावं, कारण तो तिथंच थांबला.

आई भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही. "थांबलात कावून?" ती म्हणाली. "लावा की बातम्या."

आणि माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून, आप्पांनी चॅनेल बदललं.