रुमालाखाली न आलेला हात

शिवचरणदादा गेल्याचं मला सेलूच्या एका गाडीवानानं सांगितलं, तेही दिवसकार्य उरकल्यावर. इतक्या वर्षांची ओळख, आणि घरून साधा निरोप नाही... पहिला राग आला तो त्यांचाच. तो तसा जुनाच आहे.

निजामाच्या राजवटीत मानवतच्या बाजारात कापसाचा भाव तोंडानं बोलत नसत. व्यापारी हातावर रुमाल टाकी, विकणारा त्याखाली हात घाली, आणि बोटं दाबून दोघांत सौदा ठरे. शेजारचा व्यापारी काय देतोय ते कळत नसे, म्हणून प्रत्येकाला थोडं चढंच द्यावं लागे. मी झरीकडच्या खेड्यांतला कापूस गोळा करून तिथं आणायचो. पाठीशी कुणी नव्हतं. तिखट जिभेवर उभा राहिलो. शिवचरणदादा लहानपणी बापाबरोबर नर्मदेपलीकडून आलेले. घासाघीस करताना आमच्याच म्हणी आमच्यावर फेकायचे. सगळ्यांत जास्त हात त्यांच्याच रुमालाखाली जायचे.

मग एका बाजारी एक पुढारी आला. सभेला परवानगी मिळत नसे, म्हणून सोडलेल्या बैलगाडीवर चढून बोलला. रयतेच्या हालांबद्दल बोलला ते खरंच होतं, म्हणून लोक ऐकत राहिले. त्याच ओघात म्हणाला, गैरमुल्की येतात आणि तुमच्या ताटातलं खातात. नाव कुणाचं घेतलं नाही. आमच्या बाजारात बाहेरचा म्हणून बोट दाखवायला एकच माणूस होता.

त्याच दुपारी पेडगावचा गणुबा, दादांचा वर्षानुवर्षांचा शेतकरी, रुमालापुढं येऊन हात पाठीमागं बांधून उभा राहिला. म्हणाला, "दादा, तुमी लय चांगले हाव. पन बाहेरचे लोक वाईट असतेत म्हनं."

"मग मी कोन हाय, गणुबा?" दादांनी हसत विचारलं.

गणुबा अंगठ्यानं माती उकरत राहिला. पुढच्या बाजारी कुणीच हात घातला नाही. दादा बाजूला पडले तसा बाकीच्या व्यापाऱ्यांनी एकोपा करून भाव पाडला. आणि गावोगाव काय पसरलं? परदेश्यानं भाव पाडला. झालं, भाषण खरं ठरलं! मी भर बाजारात घसा फोडून समजावलं, तर म्हणाले, ह्याला त्यानं काहीतरी चारलंय.

तेव्हा सगळ्यांदेखत मी माझा हात त्यांच्या रुमालाखाली घातला. त्यांनी बोट दाबलं नाही. हात अलगद बाहेर सारला आणि हळूच म्हणाले, "तुला ह्यायच्यातच राहायचंय. जा."

माझा माल कुणाला द्यायचा ते ठरवणारे हे कोण? मी बाजाराशी भांडत होतो आणि ते माझी कीव करत होते. हंगाम संपताच ते सेलूला गेले. मी कधी गेलो नाही.

परवा गणुबा भेटला. बातमी ऐकून डोळे पुसत म्हणाला, "आपलाच मानूस व्हता." माझं डोकं फिरलं. मग हात का दिला नाहीस, विचारलं.

"आमाला तसं सांगितलं व्हतं."

"कोनी? नाव सांग."

तो आठवत बसला. शेजारच्या दोघांना विचारलं, त्यांनाही आठवेना. खरं तर मलाही... पण बाजारातल्या लिंबाखाली दादा जिथं बसायचे त्या ओट्याला, ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नाही ते लोकसुद्धा आज 'परदेश्याचा ओटा' म्हणतात.